मोजणाऱ्याचे माप

सोनाराच्या दुकानात एक काळा दगड असतो. सोने त्यावर घासायचे, उमटलेली रेघ पाहायची आणि कस ठरवायचा. 'कसोटी' हा शब्द या दगडाचाच. उर्दूत तो 'कसौटी' होऊन रुळला. सोने खरे की खोटे हे दगड सांगतो. पण दगड खरा की खोटा हे कोण सांगणार? गिऱ्हाईक हा प्रश्न सहसा विचारीत नाही. सोनारही तो आपणहून काढीत नाही.

आम्ही शिक्षकी पेशातली माणसे. वर्षभर प्रश्नपत्रिका काढतो, गुण देतो, आणि बघता बघता एका मुलावर 'हुशार' असा आणि दुसऱ्यावर 'कच्चा' असा शिक्का बसतो. बी.एड.च्या अभ्यासक्रमात निदानात्मक चाचणीवर एक प्रकरण असते. मूल कुठे अडते ते शोधा, मग उपचारात्मक अध्यापन करा, असे त्यात शिकवतात. ते बरोबरच आहे. पण त्याच्या आधी एक प्रश्न उभा राहतो आणि तो शिक्षणशास्त्राचा नसून नीतीचा आहे. ज्याच्या हाती माप आहे, त्याने दुसऱ्याला मोजण्यापूर्वी आपले माप तपासले पाहिजे की नाही? आणि न तपासता दिलेला निकाल योगायोगाने बरोबर निघाला, तर तो इन्साफ म्हणायचा का?

मोठा प्रश्न लहान जागी पकडला तर हाताला लागतो. म्हणून आम्ही तो शाळेत किंवा न्यायालयात न नेता एका भलत्याच ठिकाणी नेणार आहोत. पिनबॉल नावाच्या अमेरिकी खेळयंत्राचे सर्किट बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आणि त्या कामासाठी त्यांनी घरी बनवलेली तपासणीची साधने, ही ती जागा. नीतीच्या चर्चेत खेळण्याचे काय काम, असे कुणी विचारील. पण जिथे मानापमान नाही, जातजमात नाही, तिथे प्रश्न स्वच्छ दिसतो.

पिनबॉल आपल्याकडे अनेकांनी पाहिला तो संगणकावर. विंडोज एक्सपीमध्ये 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉल असायचा. शाळांच्या संगणक कक्षांत शिक्षकांची पाठ वळली की मुले तोच उघडत. खरे यंत्र मात्र माणसाच्या कमरेइतके उंच असते. काचेखाली उतरती फळी, पोलादी चेंडू, धडका देणारे खांब, दिवे, घंटा. खिळे ठोकलेल्या फळीवर गोटी सोडण्याचा बॅगाटेल हा त्याचा पूर्वज. चेंडू उडवणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. चेंडू परत वर मारणारे पंखे, म्हणजे फ्लिपर, गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात १९४७ मध्ये आले.

या खेळाची स्वतःचीही एकदा परीक्षा झाली आहे. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली. हा जुगार आहे आणि तो शाळकरी मुलांचे पैसे खातो, असे त्यांचे म्हणणे. यंत्रे जप्त झाली, हातोड्यांनी फोडली गेली. बंदी चौतीस वर्षे टिकली. एप्रिल १९७६ मध्ये रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवले. चेंडू वरच्या मधल्या वाटेने जाईल असे त्याने आधी सांगितले, दांडा ओढला, आणि चेंडू तसाच गेला. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असे ठरले आणि बंदी उठली. पुढे शार्प यांनीच कबूल केले की त्या फटक्यात नशिबाचा वाटा मोठा होता. म्हणजे निकाल बरोबर लागला, पण कसोटी कच्ची होती. चेंडू दोन बोटे बाजूला गेला असता तर तोच खेळ जुगार ठरला असता. खेळ दोन्ही वेळा तोच. एका फटक्यावर एवढा निकाल टांगणे योग्य होते का, हे त्या दिवशी कुणी विचारल्याचे दिसत नाही.

त्याच सुमारास यंत्राच्या पोटातही बदल झाला. तोवर सारा कारभार रिले, चाके आणि तारा यांवर चाले. १९७७ पासून शिकागोच्या मोठ्या कंपन्यांनी संगणकाची चिप आत बसवली. बॅली आणि विल्यम्स यांनी मोटोरोलाची ६८०० ही चिप आणि तिची भावंडे वापरली. बिघाड डोळ्यांना दिसेनासा झाला. त्यातच स्मृती टिकवण्यासाठी बोर्डावर बॅटरी असे. ती वर्षांनी गळते आणि तिचे आम्लारी पाणी तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. कारागीर ते व्हिनेगरने मारतात. सातवी-आठवीच्या विज्ञानातला उदासिनीकरणाचा धडा तिथे कामाला येतो. पुढे १९८८ मध्ये बॅलीचा पिनबॉल विभाग विल्यम्सने घेतला, १९९६ मध्ये गॉटलीबचे काम थांबले, १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केला. नवी यंत्रे बनवणारे आजही आहेत, पण त्या जुन्या बोर्डांना मायबाप उरले नाहीत. कारखान्यातली तपासणी यंत्रे सामान्य कारागिराला परवडणारी नव्हतीच. मग ज्याला बोर्ड जिवंत करायचा, त्याने तपासण्याचे साधनही स्वतःच बनवायचे. संगणकातून काढलेला जुना वीजपुरवठा पाच आणि बारा व्होल्ट देतो. चार एलईडी, थोडे रेझिस्टर, क्रोकोडाइल क्लिपा आणि फळीचा तुकडा मिळाला की टेबल तयार. आपल्याकडच्या रेडिओ-टीव्हीच्या मेकॅनिकांना हे नवे नाही. शॉर्ट असलेला संच थेट मेन लाइनला न जोडता मध्ये बल्ब टाकायची त्यांची सिरीज लॅम्प याच जातीची. बल्ब भगभगला तर आत शॉर्ट आहे, पण संच जळत नाही.

आता या साधनांकडे नीट पाहू. प्रत्येकात एक विचार दडलेला आहे.

बॅलीच्या त्या बोर्डावर एक लाल एलईडी असतो. वीज दिली की तो क्षणभर लुकलुकतो आणि मग एकामागून एक सात वेळा चमकतो. पहिली चमक म्हणजे कायमची स्मृती ठीक. पुढच्या दोन म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या दोन आयसी ठीक. त्यापुढच्या दोन म्हणजे बाहेरच्या भागांशी देवाणघेवाण करणाऱ्या आयसी ठीक. शेवटच्या दोन वेळेच्या आणि विजेच्या संकेतांच्या. म्हणजे बोर्ड स्वतःच स्वतःचा हिशेब घेतो. माणसाने रात्री झोपण्यापूर्वी करावे तसेच हे. पण त्यात एक अडचण आहे. हा हिशेब घेण्याची कृती ज्या स्मृतीत लिहिलेली, तीच बिघडली तर? मग एलईडी मुकाट जळत राहतो किंवा पेटतच नाही. न्यायाधीशच आजारी पडल्यावर खटला कोण चालवणार? आत्मपरीक्षण मोठी गोष्ट आहे, पण ज्या बुद्धीने ते करायचे तीच बिघडली असेल तर बाहेरचा डोळा लागतो. दुसरे म्हणजे, सातही चमका आल्या तरी दिवे, कॉइली आणि स्विच यांच्या वाटा धड आहेत असे सिद्ध होत नाही. कारण ते कुणी विचारलेलेच नसते. 'दोष सापडला नाही' आणि 'दोष नाही' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. आम्ही गुणपत्रकावर सही करतो तेव्हा ती एकच असल्यासारखे वागतो.

म्हणून कारागिरांनी बाहेरचा डोळा बनवला. मूळ स्मृतीची चिप काढायची आणि तिच्या जागी आपण लिहिलेली छोटी कृती असलेली चिप बसवायची. ही कृती फार थोडे मागते. तात्पुरत्या स्मृतीला ती हातच लावत नाही, कारण तीही बिघडलेली असू शकते. ती फक्त बाहेर जाणाऱ्या वाटा आळीपाळीने चालू-बंद करते. कारागीर एलईडीची काडी घेऊन एकेका पायाला लावतो. जो पाय लुकलुकत नाही, तिथे चौकशी.

याच्याही पुढचे एक साधन आहे आणि ते आम्हांला सर्वांत शहाणे वाटते. ६८०० चिपच्या आज्ञांमध्ये एक आज्ञा 'काहीही करू नकोस, पुढे जा' अशी आहे. तिचा आकडा १. कारागीर चिपच्या आठ डेटा-पायांची बोर्डाशी असलेली जोडणी तोडतो, सात पाय जमिनीला आणि एक पाय पाच व्होल्टला बांधतो. आता चिपने कुठेही वाचले तरी तिला तीच आज्ञा मिळते. ती पुढे, आणखी पुढे अशी ६५,५३६ घरे ओलांडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिच्या सोळा पत्ता-तारांपैकी प्रत्येक तार आधीच्या तारेच्या निम्म्या गतीने हलते. शेवटची तर इतकी संथ की एलईडी लावला तर डोळ्यांना लुकलुक दिसते. ज्या तारेची गती या नियमात बसत नाही, ती तुटलेली किंवा शेजारणीला चिकटलेली. स्मृती नको, कृती नको, खेळ नको. परीक्षकाने जितके कमी गृहीत धरावे तितका त्याचा निकाल खरा, हे आठ तारांचे साधन शिकवते. आम्ही मात्र मुलाला गणित विचारतो आणि त्याला वाचता येते, प्रश्नातला बाजार त्याने पाहिला आहे, घरी दिवा आहे, सकाळी त्याने काही खाल्ले आहे, हे सगळे न सांगता गृहीत धरून टाकतो.

तिसरी गोष्ट लॉजिक प्रोबची. या जातीच्या चिपांत ०.८ व्होल्टच्या खाली 'शून्य' आणि २ व्होल्टच्या वर 'एक' धरतात. मधला प्रदेश कुणाचाच नाही. एकच एलईडी लावून केलेली काडी मधल्या व्होल्टेजलाही मंद पेटते आणि बघणारा तिला आपल्या मनासारखे वाचतो. जाणकार म्हणून दोन दिवे लावतात, एक 'शून्य'साठी, एक 'एक'साठी. दोन्ही विझलेले असले की अर्थ एवढाच की या तारेवर धड काही बोलले जात नाही. परीक्षकाकडे 'सांगता येत नाही' असे म्हणायची सोय हवी. ज्या कसोटीत उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण एवढे दोनच रकाने आहेत, तिला मधल्या माणसाविषयी खोटे बोलावेच लागते.

आता मूळ प्रश्न. घरी बनवलेले साधन म्हणते की बोर्ड खराब आहे. खराब बोर्ड आहे की साधन? यावर पक्क्या कारागिराची रीत ठरलेली असते. साधन आधी चालू स्थितीतल्या, माहितीतल्या बोर्डावर लावायचे. त्याने चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. एवढ्यावर थांबायचे नाही. मग त्याच बोर्डात जाणूनबुजून खोड काढायची, एखादी आयसी सॉकेटमधून उपटायची, एखादी तार सोडवायची, आणि साधन ओरडते का ते पाहायचे. चांगल्याला वाईट म्हणणे हा जुलूम आहे. वाईटाला चांगले म्हणणे ही फसवणूक आहे. दोन्ही चुका टाळल्याशिवाय साधनाला परक्याचा बोर्ड तपासण्याचा अधिकार नाही. 'परक्याचा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत असते. मराठीतला 'अनामत' हा शब्द याच 'अमानत'वरून आला. पुढ्यातली वस्तू आपली नाही हे एकदा मनात ठसले की निकाल देण्याची घाई आपोआप कमी होते.

एवढे करूनही एक धोका उरतो. कारागिराने मंडलाचा नकाशाच चुकीचा समजून घेतला असेल, तर त्याच समजुतीने तो बोर्ड दुरुस्त करील आणि त्याच समजुतीने साधनही बनवील. मग साधन म्हणेल, सगळे ठीक. चूक दोन्हीकडे सारखी असल्याने ती दिसणारच नाही. घरच्या साधनाचा हा मोठा दोष. आपल्या मापाने आपल्यालाच मोजणारा समाज नेहमी पूर्ण भरतो. यावर उपाय दोनच. दुसऱ्याने, वेगळ्या रीतीने बनवलेल्या साधनाला विचारणे; आणि शेवटी बोर्ड यंत्रात बसवून चेंडू सोडणे. टेबलावर बोर्डाला धक्के बसत नाहीत, तो तापत नाही, त्याला कॉइलींचे ओझे ओढावे लागत नाही. यंत्रात हे सगळे असते.

आम्हांला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती विल्यम्सच्या जुन्या यंत्रांची एक खोड. १९७७ नंतरच्या काही वर्षांत त्यांच्यात दोन बोर्ड असत. वरचा विचार करणारा, खालचा कॉइली आणि दिवे चालवणारा. एक मेंदू, एक हात. दोघांना जोडणारी चाळीस पिनांची रांग. वर्षांनी या पिना काळवंडतात, सैल होतात. मेंदू हुकूम देतो, हात हलत नाही. कच्चा मेकॅनिक वरचा बोर्ड काढतो, दुसरा बसवतो, यंत्र चालू लागते. तो म्हणतो, पहिला बोर्ड गेला होता. पण काढता-घालताना पिना घासल्या गेल्या आणि जोड साफ झाला, हे त्याच्या ध्यानात येत नाही. खरा कारागीर पहिला बोर्ड परत लावून पाहतो. यंत्र तरीही चालले तर बोर्ड निर्दोष. दोष सांध्यात होता. हे एक पाऊल टाकायला पाच मिनिटे लागतात. न टाकले तर चांगला बोर्ड भंगारात जातो आणि त्याच्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी कायमची लागते.

आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणतात, गुणाकाराला 'ज़र्ब', अपूर्णांकाला 'कसर'. मुसल्लसाच्या तीन कोनांची बेरीज झोपेत विचारली तरी सांगणारी मुलगी एखाद्या स्पर्धा परीक्षेत 'त्रिकोण' या शब्दापाशी थबकते. घड्याळ थांबत नाही. तिच्या नावापुढे गणितात कमी गुण लागतात. मेंदू शाबूत, हात शाबूत, चाळीस पिनांतली एक पिन काळवंडलेली. उर्दूत 'कसर' म्हणजे अपूर्णांक. मराठीत 'कसर' म्हणजे उणीव. ती मुलगी पहिला अर्थ जाणते आणि दुसरा अर्थ तिच्या कपाळी येतो.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की परीक्षा आपल्या भाषेत घेतली की न्याय झाला. ते इतके सोपे नाही. घरचे साधन घरचे आहे म्हणून खरे ठरत नाही, हे वर आलेच आहे. आमच्या किती मुलांच्या घरी पुस्तकातली उर्दू बोलली जाते? कुणाकडे दखनी, कुणाकडे कोकणी, कुणाकडे चक्क मराठी. मुलगा घरात एक बोलतो, वर्गात दुसरे ऐकतो आणि पेपरात फारसी वळणाचे तिसरेच वाचतो. म्हणजे परक्या मापाविरुद्ध आपण जी तक्रार करतो, तीच तक्रार आपल्याच मापाविरुद्ध आपले मूल करू शकते. फक्त त्याला ती करता येत नाही. दुसऱ्याच्या अन्यायाने आपले माप आपोआप पाक होत नाही.

परीक्षेने इजाही होते. पिनबॉलची कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली असते. तपासणाऱ्याने ती चालते का हे पाहताना वीज धरून ठेवली तर धड कॉइल धुरात जाते आणि मग साधन खरेच म्हणते, कॉइल खराब आहे! म्हणून चांगल्या साधनात झटका आपोआप तुटायची सोय करतात, किंवा कॉइलऐवजी बल्ब लावून पाहतात. वर्गात सर्वांसमोर उभे करून पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारलेला मुलगा शेवटी खरेच काही सांगू शकत नाही. तेव्हा निदान झाले असे समजायचे, की दुखापत?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मूल म्हणजे बोर्ड नव्हे. मान्य. पण हा फरक आमची जबाबदारी वाढवतो. बोर्ड भंगारात गेला तर तसाच दुसरा मिळेल. आणि बोर्डाला 'तू खराब आहेस' असे सांगितल्याने तो खराब होत नाही; मूल होते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रत्येक मापाला दुसरे माप तपासणार, त्याला तिसरे, असे करीत गेले तर कुणी कधी निकालच देऊ शकणार नाही. शाळा चालणार नाहीत, न्यायालये चालणार नाहीत. याला कारागिराच्या टेबलावर उत्तर आहे. तो अनंतकाळ तपासत बसत नाही. चांगला बोर्ड लावून पाहतो, वाईट लावून पाहतो, जुना परत लावून पाहतो, आणि मग निर्णय घेतो. यंत्र चालू करायचे असते. मात्र काढलेला बोर्ड तो लगेच फेकत नाही, फळीवर ठेवून देतो. उद्या साधन खोटे निघाले तर परत फिरायला वाट असावी म्हणून. निकाल देणे भागच आहे. पण परत फिरता येईल अशा रीतीने देणे हे आपल्या हाती आहे.

चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो शिक्षक असो, मुलाखत घेणारा अधिकारी असो, सून पाहायला आलेला पाहुणा असो की शेजाऱ्याच्या ईमानाविषयी मत देणारा माणूस असो, आमची मागणी एवढीच आहे. पुढच्याला नापास करण्यापूर्वी आपले माप एकदा अशा माणसावर लावून पाहावे ज्याच्या चांगुलपणाची आपल्याला पक्की खात्री आहे. आपल्या मापाने तोही नापास होत असेल, तर थांबावे आणि आधी सांधा साफ करावा.